नामावलीत नसलेली विशाखा

विशाखा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यातल्या एका कलामहाविद्यालयात बोलत होते, आणि माझ्या पाठीमागच्या पडद्यावर तिचंच चित्र होतं. एका विज्ञानपटाच्या दुसऱ्या भागातला तो गाजलेला लाल ग्रह. काळ्या कवचाची नदी, कवचाला गेलेले तडे, तड्यांतून दिसणारा आतला उजेड आणि खालून पेटल्यासारखे ढग. मुलं मोबाइलवर फोटो काढत होती. 'हा रंग तुम्हाला कसा सुचला?' असं एका मुलीनं विचारलं आणि गेली कित्येक वर्षं देत आले तेच उत्तर मी दिलं. फोन पर्समध्ये थरथरत होता. बाहेर येऊन पाहिलं तर भिलाईच्या एकाच नंबरवरून तीनदा फोन येऊन गेला होता. परत लावला. तिच्या शाळेतल्या एक बाई बोलत होत्या. वर्गात फळ्यावर काही काढता काढता विशाखाच्या हातातून खडू पडला, डोकं दुखतंय म्हणाली आणि खाली बसली... मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. वय एकोणचाळीस. 'तिच्या फोनमध्ये तुमचा नंबर "शुभांगी मैत्रीण" असा होता, म्हणून कळवलं,' बाई म्हणाल्या.

त्या चित्रपटाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. त्याला पुष्कळ प्रसिद्धी मिळाली आहे, माझ्या हातून आणखी नको. चित्रपट लागला त्या सुमाराला या वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत माझी मुलाखत छापून आली होती. त्या मुलाखतीत मी खोटं बोलले. ते खोटं ज्या पानांवर छापलं गेलं त्याच पानांवर खरं लिहायचं ठरवून बसले आहे. विशाखा हे वाचणार नाही. वाचणार असती तर मी लिहिलं असतं का, याची मला खात्री नाही.

मी छत्तीसगडमधल्या भिलाईजवळच्या चरोद्याची. वडील रेल्वेत गार्ड, घर रेल्वे कॉलनीत. विशाखा भिलाईतल्या खुर्सीपारची. तिची आई ती शाळेत असतानाच वारली होती आणि वडील पोलाद कारखान्यात ठेक्यावर कामाला होते. दोघींची घरं मूळची विदर्भातली, माझं वर्ध्याकडचं, तिचं भंडाऱ्याकडचं. पण आमची ओळख झाली ती रायपूरच्या ॲनिमेशनच्या वर्गात. सकाळच्या गाडीत ती पॉवर हाउस स्टेशनला चढायची आणि पुढच्या स्टेशनावर मी चढेपर्यंत माझ्यासाठी जागा धरून ठेवायची. इतर मुली हिंदीतच बोलायच्या. आम्ही दोघी मात्र एकट्या असलो की घरची मराठी बोलायचो, आणि त्या मराठीत आम्हाला काहीतरी आपलं सापडल्यासारखं वाटायचं. वर्गात ती माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होती. मला कॉम्प्युटर चटकन कळायचा, तिला दिसायचं. हा फरक तेव्हाही मला ठाऊक होता.

एकदा तिनं मला संध्याकाळी खुर्सीपारला नेलं. 'तुले काही दाखवायचं आहे,' एवढंच म्हणाली. तिच्या घरामागून चालत गेलं की कारखान्याच्या भिंतीपलीकडे मळीचा डोंगर दिसायचा, तिथले लोक त्याला डंप म्हणतात. लोखंड वितळताना वर जी मळी येते ती मोठमोठ्या भांड्यांत भरून, रेल्वेच्या डब्यांसारखी ओढत नेऊन तिथे उताराला ओततात. मी भिलाईजवळच वाढले होते, आकाश लाल होताना शेकडो वेळा पाहिलं होतं, पण ते कुठून लाल होतं हे पाहायला मी कधी गेले नव्हते. भांडं कलंडलं आणि उतारावरून उजेड खाली धावला. गंधकाचा उग्र वास आला. माझ्या तोंडून काहीतरी 'किती लाल' असं निघालं असावं. विशाखानं माझा दंड धरला.

'लाल नाही ते. नीट पाह्य. पयले पांढरं आहे, मंग पिवळं, मंग संत्र्यावानी. आणि आता पाह्य, वर साय येऊन राहिली.'

खरंच साय येत होती. दुधावर यावी तशी काळी, सुरकुतलेली साय, आणि ती फाटेल तिथे आतला उजेड दिसत होता. 'लोक आग काढतात तं नुसती लाल काढतात,' ती म्हणाली. 'आगीले चामडी असते, हे कोणी पाह्यतच नाही.' तिचे वडील, ज्यांना मी काका म्हणायचे, त्याच डोंगराजवळ कामाला होते. आलेल्या प्रत्येक भांड्याचा नंबर खडूनं पाटीवर लिहायचा आणि किती रिकामी झाली ते सांगायचं, हे त्यांचं काम. लहान असताना विशाखाला घरी एकटं ठेवायला नको म्हणून ते तिला भिंतीजवळच्या चहाच्या टपरीवर बसवून जायचे. तिथे बसून ती पाहायची. तिचं सगळं शिक्षण तिथेच झालं होतं. रायपूरला आम्ही दोघी नुसती बटणं शिकलो.

माझ्या घरी ती एकदाच आली. आईनं चहा केला. मला, आईला आणि शेजारच्या काकूंना स्टीलच्या कपांत, विशाखाला एका काचेच्या पेल्यात. तो पेला मी आमच्या घरात त्याआधी कधी पाहिला नव्हता. विशाखानं चहा प्यायला, बोलली, हसली, मग पेला घेऊन मोरीत गेली, स्वतः विसळला आणि खिडकीत वेगळा उपडा ठेवला. आईच्या कपांजवळ नाही... वेगळा. मी ते पाहिलं आणि आईला काही बोलले नाही. परत जाताना स्टेशनवर विशाखा म्हणाली, 'तुही आई चांगली आहे. चहा मस्त होता.' त्यानंतर मी कितीदा बोलावलं तरी तिला काही ना काही काम निघायचं. गप्प बसायची सवय मला त्या दिवशी लागली असं म्हणणं सोयीचं आहे. खरं म्हणजे ती आधीपासूनच होती.

पुढे आम्ही दोघी हैदराबादच्या एका स्टुडिओत लागलो. एकच खोली, एकच स्वयंपाक. चित्रपटातलं जे प्रत्यक्षात नसतं, डोंगर, शहरं, आकाश, ते कॉम्प्युटरवर रंगवायचं, असं विशाखाचं काम होतं. तिनं रंगवलेलं आणि नटांचं चित्रण एकमेकांत बेमालूम बसवायचं, हे माझं. या चित्रपटाच्या पहिल्या भागावर आमच्या स्टुडिओनं किरकोळच काम केलं होतं. दुसऱ्या भागात मात्र अख्खा उत्तरार्ध एका परक्या ग्रहावर घडणार होता आणि तो ग्रह आमच्याकडे आला. दिग्दर्शकाला परदेशी चित्रपटांत दिसतं तसं काही नको होतं. आमच्या वरिष्ठांनी वाळवंट दाखवलं, बर्फ दाखवला, ज्वालामुखी दाखवले. तो प्रत्येक वेळी नकाराची मान हलवायचा. शेवटी वरिष्ठांनी वैतागून सगळ्यांनाच आपापलं काहीतरी काढायला सांगितलं. विशाखानं तीन दिवसांत एक चित्र केलं. दिग्दर्शक त्याच्यापुढे खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, 'यही है.' नदी काय आहे, ती जमते कशी, फाटते कशी, पाऊस पडला तर तिच्यावर वाफ कुठून उठेल, हे सगळं तो तिला विचारत गेला आणि तिला प्रत्येक गोष्ट ठाऊक होती. ग्रहावर राहणारे लोक त्या नदीकाठी आपल्या मुलांना घेऊन बसतात, हा प्रसंगही तिनंच सुचवला. प्रेक्षक त्या प्रसंगाला रडतात. तो चहाच्या टपरीवरून आलेला आहे, हे कोणाला माहीत असणार...

आठ महिने ती त्या ग्रहावर राहिली असंच म्हणायला हवं. डोकं दुखतंय म्हणायची, डोळ्यांवर गार पाण्याची पट्टी ठेवून दहा मिनिटं पडायची आणि पुन्हा खुर्चीत. डोकेदुखी तेव्हापासूनची. डॉक्टरकडे जा असं मी म्हणायचे. म्हणायचे एवढंच, घेऊन गेले नाही.

काम संपायला दोन महिने असताना काकांचा अपघात झाला. ओल्या रुळावरून पाय घसरला आणि सरकत्या डब्याखाली गुडघ्यापासून खालचा भाग चेंगरला. पाय काढावा लागला. विशाखा त्याच दिवशी निघाली. जाताना तिनं माझ्याजवळ सगळ्या फाइली दिल्या, कुठे काय बाकी आहे ते एका वहीत लिहून दिलं आणि म्हणाली, 'सायीवर लक्ष ठेव. घाईत सपाट करून टाकशील.' मी ठेवलं. ते काम मी जीव ओतून केलं, हे तेवढंच खरं आहे. पण त्या दोन महिन्यांत ऑफिसात त्या ग्रहाला 'शुभांगीचा ग्रह' म्हणायला लागले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दुरुस्त केलं. दुसऱ्यांदा हसले. पुढे ते कानाला खटकेनासं झालं.

मग नामावली आली. चित्रपटाच्या शेवटी जी नावं येतात त्यांची यादी सगळ्यांना पाठवली होती. आपल्या नावाचं स्पेलिंग तपासून कळवा, अशी सूचना. त्या ग्रहाच्या रचनेखाली माझं नाव होतं. विशाखाचं कुठेच नव्हतं. मी यादी वरून खाली आणि खालून वर अशी दोनदा पाहिली. काम पुरं व्हायच्या आधी जे सोडून जातात त्यांची नावं येत नाहीत, असा नियम असल्याचं नंतर कळलं. पण मी तेव्हा तो विचारायलाही गेले नाही. मी माझ्या नावातलं एक चुकलेलं अक्षर सुधारलं आणि यादी परत पाठवली. एवढंच मी केलं. कोणी मला धमकावलं नव्हतं, कोणी आमिष दाखवलं नव्हतं. एक ओळ लिहायला एक मिनिट लागलं असतं. ते मिनिट मी दिलं नाही.

मुलाखत त्यानंतरची. 'या रंगामागे काही आठवण आहे का?' असा प्रश्न होता. मी सांगितलं की लहानपणी चरोद्याच्या क्वार्टरच्या गच्चीवरून मी कारखान्याचं आकाश पाहायचे, आगीला चामडी असते हे मला तेव्हाच कळलं. तिचं वाक्य. जसंच्या तसं, फक्त भाषा धुतलेली.

चित्रपट लागला तेव्हा मी सुट्टीवर घरी आले होते. विशाखाचा फोन आला. 'बाबाले दाखवायचा आहे. तू येशील का संग?' मुलाखत तिनं वाचली होती की नाही ते मला कळेना आणि विचारायचं धैर्य नव्हतं. भिलाईतल्या जुनवानीकडच्या मॉलमध्ये दुपारचा शो होता. काका कुबड्यांवर आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मधल्या खुर्चीवर ते, एका बाजूला विशाखा, दुसऱ्या बाजूला मी. उत्तरार्ध सुरू झाला, नदी दिसली आणि काका पुढे सरकून बसले. 'अरे, हे तं आपलं डंप होय,' ते जरा मोठ्यानंच म्हणाले. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी वळून पाहिलं. नदीकाठी मुलं घेऊन बसलेली माणसं दिसली. काकांनी विशाखाचा हात धरला आणि चित्रपट संपेपर्यंत सोडला नाही.

शेवटी काळ्या पडद्यावर नावं यायला लागली. लोक उठून निघाले. काका बसून राहिले.

'तुह्यं नाव कवा येते?' त्यांनी विचारलं.

'येईन ना बाबा. बसा,' विशाखा म्हणाली.

नावं सगळी इंग्रजीत. काकांचं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. दिवे लागले, झाडणारी माणसं आत आली, तरी नावं वर सरकतच होती. मग ती ओळ आली. माझं नाव. विशाखानं हात लांब करून त्या ओळीकडे बोट दाखवलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, 'हे पाहा बाबा. हे माह्यं.'

काकांनी टाळ्या वाजवल्या. रिकाम्या थिएटरात, एकटेच. झाडणारा माणूस थांबून पाहायला लागला. विशाखा वडिलांच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहत होती. त्या नजरेत राग असता तर मी आयुष्यभर त्याला धरून बसले असते. राग नव्हता. खिडकीत पेला वेगळा ठेवताना तिचा चेहरा होता तसाच होता.

अपघाताच्या वेळी निघालेली ती पुन्हा स्टुडिओत आलीच नाही. काकांना एकटं सोडता येत नाही, हे कारण होतं आणि ते खरंही होतं. एका खाजगी शाळेत चित्रकला शिकवायला लागली. मला त्या चित्रपटासाठी पुरस्कार मिळाला तेव्हा तिचा एका शब्दाचा संदेश आला... 'अभिनंदन.' वर्षातून दोनदा तीनदा आम्ही फोनवर बोलायचो, पाऊस, तब्येत, शाळा. त्या विषयावर एकदाही नाही. मी वाट पाहत होते की ती काढेल, मग मी माफी मागेन. माफीचं कामही मी तिच्यावरच टाकलं होतं.

ती जाण्याच्या चार महिने आधी मी तिला शेवटचा फोन केला. चित्रपटाचा तिसरा भाग निघत होता. दिग्दर्शकाला मीच हवी होते आणि या वेळी त्याला नवा ग्रह हवा होता. मी दोन महिने कागद खराब करत बसले होते, काही सुचत नव्हतं. आणि मी... हे लिहितानाही हात अडतो... मी विशाखाला फोन करून विचारलं, तुझ्याकडे काही जुनं काढलेलं आहे का, नुसतं पाहायला.  पलीकडे शाळेतली घंटा ऐकू आली.

'शुभे,' ती म्हणाली, 'या खेपेले तूच जाय. कुठंतरी उभी राह्य. नीट पाह्य. दिसते.'

आणि मग विचारलं, 'आई बरी आहे ना?' फोन ठेवला.

अंत्यसंस्काराला मी पोचू शकले नाही. जलदान विधीच्या दिवशी खुर्सीपारला गेले. भन्तेजींची वंदना झाली, शाळेतली मुलं रांगेनं येऊन फोटोला फूल वाहून गेली, शेजारच्या बायकांनी जेवणं वाढली. माणसं पांगली तेव्हा काका ओट्यावर बसले होते, कुबड्या भिंतीला टेकवून. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. यादी, मुलाखत, थिएटरातलं ते नाव. सांगताना रडले. त्यांनी मला रडू दिलं.

'मालूम आहे मले,' ते मग म्हणाले.

'विशाखानं सांगितलं?'

'तिनं काहून सांगन? पोरी, मी तीस वर्सं भांड्यावरचे इंग्रजी अक्षरांचे नंबर लिहिले. वाचता येत नसन, पण इंग्रजी अक्षरं एक-एक मले ओळखू येतात. व्ही कसा राह्यते मले मालूम आहे, दोन काड्या खाली येऊन मिळतात. शाळेच्या फारमवर तिचं नाव मीच पाहून पाहून लिहीत होतो. त्या दिवशी जे नाव आलं ना, त्याचं पयलं अक्षर सापावानी वाकडं होतं.'

 मी विचारलं, 'मग टाळ्या का वाजवल्या, काका?'

'ती माह्यासाठी एवढं खोटं बोलली,' ते म्हणाले. 'मी तेवढंही नाही करू?'

तर असे ते दोघं त्या थिएटरात बसले होते, एकमेकांना सांभाळत. आणि मध्ये पडद्यावर माझं नाव.

निघताना मी तिची खोली पाहिली. लोखंडी पलंग, मुलांच्या तपासायच्या राहिलेल्या वह्यांचा गठ्ठा आणि टेबलावर तिचा कॉम्प्युटर, वर जुन्या ओढणीचं आच्छादन. शाळेतून आल्यावर ती रोज तासभर त्यावर बसायची, असं काका म्हणाले. काय काढायची ते तिनं कोणाला दाखवलं नाही. पावसाळ्यात मशीन दमट होतं, रोज थोडा वेळ चालू ठेवावं लागतं, एवढं तिनं वडिलांना शिकवून ठेवलं होतं. ते अजून तसं करतात. सकाळी आंघोळ झाली की ओढणी काढून घडी घालतात, बटण दाबतात आणि खुर्चीत बसतात. पडदा उजळतो, तिचं नाव येतं आणि त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट. तो पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. दहा मिनिटं ते तिच्या नावासमोर बसतात, मग मशीन बंद करून ओढणी पुन्हा पांघरतात. मी म्हटलं, काका, माझ्या ओळखीचे लोक आहेत, आतलं सगळं बाहेर काढून देतील, तिची चित्रं जगाला दिसतील, या वेळी तिच्या नावानं.

त्यांनी ओढणीचा कोपरा सारखा केला.

'राहू दे,' ते म्हणाले. 'आता तुमच्या हाती नाही द्यायचं.'